वाटा कुणाकुणाचा?

बकरी ईद जवळ आली की माझ्या टपालात दोन तऱ्हेची पत्रं वाढतात. एका तऱ्हेतल्या पत्रांना उत्तर नकोच असतं, मला काहीतरी सुनवायचं असतं. ती मी वाचते आणि चहाच्या कपाखाली ठेवते. दुसऱ्या तऱ्हेतली माणसं खरोखर विचारतात. त्यांतली सहा पत्रं या वेळी घेतली आहेत.

आधीच सांगते, मी मौलवी नव्हे. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठी शिकवलं. दापोली तालुक्यात खाडीकाठच्या गावात वाढले. आम्हा कोकणी मुसलमानांच्या घरात जे पाहिलं आणि पुढं वाचून जे ताडून घेतलं, तेवढ्यावर बोलते. फतवा हवा असेल त्यांनी आपापल्या मशिदीच्या इमामसाहेबांना गाठावं.

बाई, २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षं आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. हा नुसता योगायोग, की त्यामागं काही गणित आहे? (एक वारकरी, सातारा जिल्हा)

माउली, गणित आहे आणि ते बोटांवर मोजता येतं. हिजरी, म्हणजे इस्लामी कालगणनेतला, महिना चंद्र दिसला की सुरू होतो. अमावास्येनंतर संध्याकाळी पश्चिमेला कोर दिसली की दुसऱ्या दिवशी एक तारीख. पंचांगात तो दिवस बहुतेक द्वितीयेचा निघतो. आता मोजा: द्वितीयेला एक तारीख, तर दहा तारीख कधी? एकादशीला. बकरी ईद असते हिजरी वर्षाच्या शेवटच्या महिन्यात, जिल्हजच्या दहा तारखेला. म्हणजे ती कुठल्या ना कुठल्या शुद्ध एकादशीच्या शेजारीच येणार, फार तर एखादा दिवस पुढंमागं.

प्रश्न उरतो तो महिन्याचा. पंचांग दर अडीच-तीन वर्षांनी अधिक मास घालून ऋतूंशी मेळ राखतं. हिजरीत अधिक मास नाही, म्हणून ईद दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. दोन अधिक मासांच्या मधल्या काळात मात्र दोघी बरोबरीनं चालतात. २०२१ साली आषाढी २० जुलैला होती आणि ईद २१ला. २०२२ला दोन्ही १० जुलैला, २०२३ला दोन्ही २९ जूनला. मग त्या वर्षीच्या अधिक श्रावणानं ही जोडी फोडली. २०२४ला ईद आली १७ जूनला, निर्जला एकादशीच्या आदल्या दिवशी! महिना बदलला तरी एकादशीचा शेजार काही सुटला नाही.

२०२३ला पंढरपुरातल्या आणि राज्यातल्या इतरही कितीतरी गावांतल्या मुसलमानांनी त्या दिवशी फक्त नमाज पढायची आणि कुर्बानी पुढच्या दिवशी करायची असं ठरवलं. त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण यात धर्म मोडला नाही की वाकवलाही नाही. कुर्बानीला दहा, अकरा आणि बारा तारखेची मुभा मुळातच आहे. आम्ही कोकणी शाफई पंथाचे, आमच्याकडं तेरावीही चालते. नमाज तेवढी त्याच सकाळची.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. वर्गातल्या मित्रानं त्याला ईदची गोष्ट सांगितली. तेव्हापासून विचारतो, 'देवानं सांगितलं तर बाबा मला मारतील का?' मी त्याला काय सांगू? (एक आई, नाशिक)

प्रश्न चांगला आहे. वर्गात असता तर मी त्याला पुढच्या बाकावर बसवलं असतं.

मित्रानं सांगितली ती गोष्ट इब्राहीम पैगंबरांची. म्हातारपणी झालेला मुलगा. त्याला आपण कुर्बान करतो आहोत असं त्यांना स्वप्न पडतं. ही गोष्ट कुराणात 'साफ्फात' या सूरेत, म्हणजे अध्यायात, आहे आणि अगदी थोड्या ओळींत आहे. त्या प्रसंगात मुलाचं नावही नाही. मुसलमान त्याला इस्माईल मानतात. ज्यू आणि ख्रिस्ती यांच्या धर्मग्रंथात हीच कथा इसहाकची आहे.

इतकी वर्षं ही गोष्ट सांगताना मी एका जागी हटकून थांबते. इब्राहीम मुलाला झोपेत उचलून नेत नाहीत. ते त्याला स्वप्न सांगतात आणि विचारतात, "बघ बाबा, तुला काय वाटतं?" बाप विचारतो आणि मुलगा उत्तर देतो की तुम्हाला सांगितलं आहे तसं करा. आणि पुढं जे होतं ते गल्लीतल्या गोष्टीत फार रंगवतात, सुरी सात वेळा फिरवली, सुरीनं बोलून दाखवलं वगैरे. कुराणात सुरी फिरल्याचं वर्णनच नाही. त्याला कपाळावर पालथा निजवला आणि हाक आली: इब्राहीम, तू स्वप्न खरं करून दाखवलंस. मुलगा उठला, त्याच्या जागी जनावर आलं. तेव्हा लेकाला सांगा, देवानं मूल मागितलं एवढ्यावर गोष्ट संपत नाही. मूल नको म्हणून हात धरला, तिथं ती संपते.

तरी भीती राहिली तर त्याच्या आजीला चिलया बाळाची गोष्ट सांगायला लावा. ती सहावीच्या वर्गात सांगताना माझाच गळा दाटायचा. अतिथी म्हणून आलेल्या शंकरानं श्रियाळ-चांगुणेकडं पोटच्या मुलाचं मांस मागितलं आणि त्या माउलीनं लेकराचं शिर उखळात कांडलं. शेवटी चिलया धावत येतो. महाराष्ट्रातल्या किती पिढ्या ही कथा ऐकत वाढल्या, म्हणून दारी पाहुणा आला की मुलं माळ्यावर लपली असं काही ऐकिवात नाही. मुलांना अशा गोष्टीतलं काय घ्यायचं ते बरोबर कळतं. आपण सांगताना घाबरलो नाही म्हणजे झालं.

थोडं विषयांतर करते. चांगुणा कांडायला तरी समोर आहे. ईदच्या गोष्टीत आई कुठं आहे? शाळेत एका मुलीनं मला हे विचारलं होतं आणि मला पटकन सुचलं नव्हतं. पुढं हजला गेले तेव्हा उत्तर पायांना मिळालं. इस्माईलची आई हाजरा. वाळवंटात तान्हं बाळ तहानेनं तडफडत होतं, म्हणून ती पाण्यासाठी सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात वेळा धावली, मग जमजमचं पाणी लागलं. आजही प्रत्येक हाजी त्या सात फेऱ्या घालतो. एक फेरी साडेचारशे मीटरच्या आसपास, म्हणजे सगळं मिळून तीन किलोमीटरच्या वर. आता तिथं संगमरवर आहे, पंखे आहेत. मधल्या हिरव्या दिव्यांच्या टप्प्यात पुरुषांनी धावायचं आणि बायकांनी चालायचं असा शिरस्ता. धावली होती बाई, आणि धावतात पुरुष! मी चालता चालता हसले, तर शेजारची बाई माझ्याकडं पाहायला लागली.

माझं माहेर मिरजेचं, सासर रत्नागिरीकडचं. लग्नानंतरची ही पहिली ईद. माहेरी आई, बाबा, आजी सगळ्यांच्या नावे वेगवेगळी कुर्बानी होते. इथं सासरे म्हणतात, घराला एक बोकड पुरे. शिवाय वाटे कसे पाडायचे यावरूनही सासूबाईंचं आणि माझं जमत नाही. कोण बरोबर? (नाव नको, बाई)

नाव छापत नाही, पण सासूबाई हा अंक वाचत असतील तर त्यांना माझा सलाम.

पोरी, दोन्ही घरं बरोबर आहेत. तुझं माहेर हनफी पंथाचं. हनफी मतात ज्याच्याकडं निसाब आहे, म्हणजे साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी किंवा त्या किमतीची गरजेपलीकडची मालमत्ता, त्या प्रत्येकावर कुर्बानी वाजिब, म्हणजे बंधनकारक. आजीच्या पाटल्या आजीच्या, म्हणून आजीची कुर्बानी वेगळी. तुझं सासर शाफई. इथं कुर्बानी ही जोर दिलेली सुन्नत, म्हणजे पैगंबरसाहेबांची वहिवाट, आहे आणि घरातल्या एकानं केली तरी घराची होते. बोकडाच्या वयातही फरक आहे. हनफींना एक वर्षाचा चालतो, शाफई दोन वर्षांचा मागतात. सासरे बाजारात बोकडाचा ओठ वर करून दात बघत बसले तर चिडू नकोस. आंधळं, लंगडं, कान कापलेलं, हाडकुळं जनावर दोघांनाही चालत नाही. तू हनफीच राहिली असशील आणि तुझे दागिने तुझ्या ताब्यात असतील, तर तुझी कुर्बानी तुझी. नवऱ्याला हे ईदच्या आदल्या रात्री सांगू नकोस, चंद्र दिसला की लगेच सांग. मोठ्या जनावरात सात हिस्से असतात, त्यातला एक घेतलास तरी होतं. आपल्याकडं गाय १९७६च्या कायद्यानं आणि बैल-वळू २०१५पासून बंद आहेत, तेव्हा हिस्सा म्हशी-रेड्यातला.

आता वाटे. तीन वाटे पाडायचे, एक घरचा, एक नातलग-शेजाऱ्यांचा, एक गरिबांचा, हा रिवाज सगळीकडं आहे. तो काट्यावर तोलायचा नियम नाही. जास्त वाटलंत तर उत्तमच. भांडण त्यावरून होत नाही हे मला माहीत आहे. भांडण होतं ते रानाची, म्हणजे मांडीची, फोड कुठल्या परातीत गेली यावरून! माझ्या आईचा दंडक सांगते. ती आधी सगळं मांस एका मोठ्या परातीत मिसळायची. रान, खांदा, बरगडी, मान, चरबी, हाड सगळं हातानं वरखाली. मगच तीन ढीग. तेव्हा पिशव्या नव्हत्या, सागाच्या पानात पुडी बांधायची. पुडी कुणाला जाणार हे बांधणाऱ्याला ठाऊक नसायचं, कारण बांधायची आजी आणि धाडायची आई. गरिबाच्या पुडीत नुसती मान आणि मामाच्या पुडीत नुसती रान असं होऊच शकत नसे. ही पद्धत सासूबाईंना माझ्या नावावर सांग. तुझी म्हणून सांगितलीस तर चालणार नाही.

आणखी दोन गोष्टी. कसायाची मजुरी रोख द्या. मजुरीपोटी मांस किंवा कातडं देण्याची मनाई आहे. भेट म्हणून वेगळा वाटा द्या, तो त्याचा मान. आणि फ्रीजर. एका वर्षी दुष्काळानं गांजलेली माणसं मदिनेत आली होती, तेव्हा पैगंबरसाहेबांनी तीन दिवसांपलीकडं मांस ठेवायला मनाई केली. पुढच्या वर्षी साठवायची परवानगी दिली. परवानगी सगळ्यांना पाठ आहे, मनाई कुणाला आठवत नाही. मोहरमपर्यंत पुरेल एवढं मांस बर्फात घालून ठेवलेली घरं मी पाहिली आहेत. त्या घरांतून पुडी आली की मला ती उघडावीशी वाटत नाही.

मी पुण्यात आयटीत आहे. गेली तीन वर्षं मोबाइलवरून पैसे भरून कुर्बानीचा हिस्सा घेतो. पावती येते. मनाला काहीच होत नाही. मग एवढे पैसे सरळ एखाद्या गरीब मुलाच्या फीला दिले तर काय वाईट? (एक वाचक, कोंढवा)

फी जरूर भर. पण ती 'ऐवजी' होत नाही असं जाणकार सांगतात. या तीन-चार दिवसांत कुर्बानीच्या जागी रोख दान बसत नाही, दान वेगळं, कुर्बानी वेगळी. दुसऱ्याकरवी करवून घेणं मात्र चालतं, तेव्हा तुझी पावती खोटी नाही. हजला मीही तेच केलं. मक्केजवळच्या मिनाला लाखो माणसांत कोण कुठं बोकड शोधणार? कूपन घेतलं, कुर्बानी झाल्याचा निरोप आला, मांस म्हणे कुठल्या कुठल्या गरीब देशांत जातं. व्यवस्था चोख. आणि तू म्हणतोस तसंच, मनाला काही झालं नाही. करोनाच्या दोन वर्षांत, २०२० आणि २०२१ला, सरकारनं प्रतीकात्मक कुर्बानीचं आवाहन केलं, बाजार बंद, खरेदी फोनवर. तेव्हापासून पुष्कळांचा बोकड पडद्यावरच राहिला.

मनाला कधी होतं ते सांगते. मी चौथीत होते, ईद तेव्हा मार्चमध्ये यायची, ऐन परीक्षेच्या तोंडावर. आमचा बोकड कुणबीवाडीतल्या काकीकडून यायचा. ती तो दोन वर्षं वाढवायची, बाबांनी सांगून ठेवलेला असायचा. बोकड चार-पाच दिवस आधी घरी आणायचा हा बाबांचा हट्ट. त्याला फणसाचा पाला काढून आणायचं काम माझं. तो पाला माझ्याच हातून खायचा. भावानं पुढं केला तर मान फिरवायचा.

पैसे द्यायला बाबा गेले की काकी आत जायची. पैसे काका घ्यायचे. तिनं कधी त्या पैशाला हात लावला नाही. ईदनंतर तीन-चार दिवस ती आमच्या अंगणातून जायची नाही, विहिरीला लांबच्या पाणंदीनं जायची. रुसवा नव्हता, बोलणंही बंद नव्हतं. फक्त त्या वाटेनं येत नसे.

वाटा तिच्या घरी दरसाल जायचा. एकदा पुडी मी नेली आणि परत येताना बाबांनी विचारलं, "कुठल्या परातीतली नेलीस?" मी आमच्याच परातीतली नेली होती. बाबा स्वतः उठले, धावत गेले, पुडी परत आणली आणि फुफूच्या, म्हणजे आत्याच्या, घरच्या बोकडाची दुसरी पुडी देऊन आले. तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं काकीच्या घरी तिनं वाढवलेल्या बोकडाचा घास जात नव्हता. दुसऱ्या घरचाच जायचा. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, मी कुणाला विचारलं नाही.

कापण्याच्या वेळचे नियमही असेच. जनावराला पाणी पाजा, सुरी त्याच्यासमोर परजू नका, एकासमोर दुसरं कापू नका, धार अशी ठेवा की हाल होऊ नयेत. कुराणातली सूरा हज म्हणते, यांचं मांस आणि रक्त अल्लापर्यंत पोचत नाही, पोचतो तो तुमचा तकवा. तकव्याला मराठी शब्द मला आजवर सापडला नाही. भक्ती म्हटलं तर जास्त होतं, भीती म्हटलं तर कमी. बाबा पुडी आणायला धावले तेव्हा त्यांच्या तोंडावर जे होतं, ते त्याच्या जवळपासचं असावं.

तेव्हा यंदा पावती घेऊ नकोस. गावी कुणी असेल तर आठ दिवस आधी रजा टाक. जनावर बघून घे, घरी आण, त्याची लेंडी तू काढ. मग ठरव.

'बकरी ईद' हे नाव बकरीवरून, की अरबीतल्या 'बकर' म्हणजे गाय-बैल या शब्दावरून? सरकारी यादीत कंसात वेगळंच नाव असतं. (एक निवृत्त ग्रंथपाल, अकोला)

दोन्ही व्युत्पत्ती सांगणारे भेटतात. कुराणाच्या दुसऱ्या सूरेचं नाव 'बकरा' आहे आणि तिथं अर्थ गाय, हे खरं. पण आपल्या बाजारात बांधलेला असतो बोकड, त्यामुळं लोकांच्या कानाला जो अर्थ लागला तो मला पुरतो. कंसातलं नाव म्हणजे 'ईद-उल-अजहा' किंवा 'ईद-उल-जुहा'. 'अजहा'चा संबंध कुर्बानीच्या जनावराशी. 'जुहा' म्हणजे चढती सकाळ, कुर्बानीची वेळ. दोन्हींचं मूळ एकच. 'कुर्बानी' ज्या धातूवरून आली त्यावरूनच 'करीब', म्हणजे जवळ. तुर्कस्तानात तिला कुर्बान बायराम म्हणतात, मोरोक्कोत मोठी ईद. आमच्या गावात नुसतं 'बकरीद'.

आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबानं ईदला आग्रहानं बोलावलं आहे. जावं का? गेलो तर काय न्यावं? आणि त्यांनी मांस पाठवलं तर? (एक जोडपं, डोंबिवली)

जा. सकाळी मात्र जाऊ नका. त्या दिवशी सकाळी लवकर नमाज असते. रमजान ईदला काहीतरी गोड खाऊन निघतात, या ईदला बहुतेक जण कुर्बानी होईपर्यंत तोंडात काही घालत नाहीत. मग कलेजी तव्यावर पडते आणि आमच्याकडं तांदळाच्या भाकरीशी पहिला घास होतो. दुपारपर्यंत त्या घरातल्या बाईला वेणी घालायला सवड नसते. संध्याकाळी पाचनंतर जा. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी गेलात तर ती तुम्हाला दुवा देईल.

खाण्याची काळजी करू नका, ती त्यांनी तुमच्याआधी केलेली असते. माझ्या शाळेतल्या एक ब्राह्मण सहशिक्षिका ईदला यायच्या. पहिल्या वर्षी त्यांनी केळं खाल्लं आणि चहा घेतला. दुसऱ्या वर्षी आईनं बाजारातून नवं पातेलं आणलं, त्यात कधी मांस शिजवलं नाही, आणि त्यात त्यांच्यासाठी नारळाच्या दुधातली खीर केली. आई गेल्यावर ते पातेलं माझ्याकडं आलं. त्यात मी अजूनही खीरच करते.

मांसाचा वाटा ते बहुधा पाठवणारच नाहीत. चुकून आला तर दारातच हसून सांगा, आम्ही खात नाही. संकोचानं घेऊन मागाहून कचऱ्यात टाकू नका. ती पुडी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी जायची असते.

आणि नेण्याचं म्हणाल, तर मिठाई नको. त्या दिवशी त्यांच्याकडं मिठाईचे डबे एकावर एक पडलेले असतात. यंदा ईद आंब्याच्या दिवसांत आहे, आंबे न्या. हापूसचाच हट्ट धरू नका. रायवळ चालतील, मुलं चोखून खातात.